हातावरचं दही

“लताकाकू, अनिश तुम्हाला अजून दिसतो का?”

विचारून झालं आणि रोशनीला वाटलं, शब्द गिळून टाकता आले असते तर बरं. पण मागे स्कूटर स्टँडच्या आडोशाला संपदा आणि आणखी दोघी उभ्या होत्या. पैज त्यांचीच. भुताची गोष्ट लिहितेस ना, मग जिच्या घरातलं माणूस गेलंय तिला विचारून ये. है हिम्मत?

हिंमत हल्ली रोशनीकडे पोत्याने होती. तिची गोष्ट शाळेत पहिली आली होती, आणि शनिवारी ॲन्युअल डेला ती स्टेजवरून वाचणार होती. इंग्रजीच्या तासाला शिकलेली विलायती भुतं तिने पार मोडीत काढली होती. ती बिचारी ओसाड बंगल्यांत मेणबत्त्या विझवत फिरायची. त्यांना हवंय काय, हे कुणी विचारायचंच नाही, सगळे नुसते पळत सुटायचे. रोशनीचं भूत म्हणजे तिच्याच वयाची मुलगी. सरकारी क्वार्टरच्या जिन्यावर बसणारी, धुक्याऐवजी दिल्लीच्या धुरातून येणारी, मोबाइलवर मेसेज टाकणारी. आणि गोष्टीतली नायिका पळत नाही. ती शेजारी बसून विचारते, बोल यार, काय पाहिजे तुला?

सरकारी क्वार्टरमधल्या भुतालाही अलॉटमेंट लागत असेल, असं बाबा हसून म्हणाले होते. पण ऑफिसातल्या अख्ख्या सेक्शनला त्यांनी आमंत्रण देऊन ठेवलं होतं. तळमजल्यावरच्या लताकाकूंना आणि पद्माकरकाकांनाही.

त्यांच्या दोन वर्षांपूर्वी डेंग्यूने गेलेल्या मुलाला, अनिशला, रोशनीने गोष्टीत मुलगी करून टाकलं होतं, नाव बदललं होतं. म्हणजे आता तो अनिश राहिलाच नव्हता. निदान आज सकाळपर्यंत तिला तसंच वाटत होतं.

काकू उन्हात खाटेवर मटार सोलत बसल्या होत्या. त्यांचे हात थांबले. आता ओरडा बसणार म्हणून रोशनीने मान खाली घातली. काकूंनी परात सरकवून जागा केली.

“बस. त्याचं नाव निघालं की सगळे घाईघाईने चहा मागतात. तू पहिलीच विचारणारी.”

रोशनी टेकली. मागे मुली खिदळत होत्या.

“दिसत नाही गं,” काकू म्हणाल्या. “सहामाहीचा गणिताचा पेपर होता. निघताना मी त्याच्या हातावर दही ठेवलं. हात तव्यासारखा तापला होता. म्हटलं, गोळी घे आणि पेपर देऊन ये.” एक शेंग त्यांनी उगाच बोटांत फिरवली. “यांना अजून वाटतं, ताप शाळेत चढला.”

रोशनीच्या कानांत गरम वाफ भरली. तिच्या गोष्टीचा शेवट हाच होता. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. भुताला काहीतरी हवं असायला हवं, कुणाचा तरी दोष असायला हवा, म्हणून तिने आई घेतली होती. दही तर तिने स्वतःच्याच घरातून उचललं होतं. प्रत्येक पेपरला तिची आई तिच्या तळहातावर ठेवायची, तसं. गोष्टीतल्या भुताला एवढंच हवं असतं, की आईने सगळ्यांसमोर कबूल करावं, हात गरम होता. ती जागा मिसना इतकी आवडली होती, की त्यांनी ती स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवली होती.

“शनिवारी आम्ही दोघंही येतोय हं,” काकू म्हणाल्या. “पुढे बसू. यांना जरा कमी ऐकू येतं.”

स्कूटर स्टँडपाशी मुलींनी तिला घेरलं. क्या बोली आंटी? रोशनी म्हणाली, काही नाही, हसल्या. संपदाने पाठीवर थाप मारली. मान गए यार. कालपर्यंत अशी थाप तिला दिवसभर पुरली असती.

दुपारभर ती शेवट बदलत बसली. आईच्या जागी शिक्षक घातले, डॉक्टर घातले. एकही जमेना. आई काढली की गोष्टीत नुसता धूर उरायचा.

संध्याकाळी तिची आई नंदा शनिवारसाठी साडीला इस्त्री करत होती आणि यशवंत शर्टाचा रंग विचारत होता, तेव्हा रोशनी दारात येऊन उभी राहिली.

“बाबा, मी शनिवारी वाचणार नाहीये. मिसना उद्या सांगते.”

नंदाने इस्त्री उभी केली. कुणी काही बोललं का, घसा बसला का, शेवट विसरायला होतंय का, दोघांनी सगळं विचारून पाहिलं. रोशनी प्रत्येक वेळी नुसती मान हलवत राहिली. गेल्या वर्षीपर्यंत पाहुणे आले की ही पोरगी आतल्या खोलीतून बाहेर यायची नाही, आणि या वर्षी कशी पाखरासारखी सुटली होती, हे यशवंतच ऑफिसात सांगत फिरत होता.

“स्टेजला घाबरलीस का बेटा?” त्याने इतक्या हळू विचारलं, की तिला रडू आलं.

“हो,” ती म्हणाली. “खाली काकांनाही तेच सांगा. रोशनी घाबरली म्हणून.”