गाडीची ओढ

गॅरेजात फकिरानं हवा ओढायच्या हातपंपाची नळी गाडीला ओढ देणाऱ्या टर्बोच्या डबीला लावली आणि पंप दाबला. मीटरचा काटा चढला आणि तिथंच थांबला.

"टर्बो ठणठणीत हाय," तो म्हणाला. "डबी व्हॅक्यूम धरती. गळती पाईपातच असणार."

पुंजाराम बॉनेटखाली वाकून बघत होता. त्याची गाडी सुरू व्हायची, सपाटीला चालायची. पण चढ आला किंवा पुढच्याला मागं टाकायचं म्हटलं की मेल्यासारखी व्हायची. फकिरानं इंजिनामागं हात घालून करंगळीहून बारीक रबरी पाईप बाहेर काढला. त्याला खालच्या अंगानं चीर होती.

"उन्हानं तडकला असंल."

नवा पाईप लागला. चिकलठाण्याच्या रस्त्यावर गाडी पहिल्यासारखी सुसाट पळाली.

पुढच्या वेळी गावाहून परतताना पुन्हा तेच. गंगापूरच्या अलीकडं पुंजारामचा थोरला भाऊ सांडू राहायचा. बायको गेल्यापासून घरात एकटाच. पुंजाराम सुट्टीला त्याला भेटायला जायचा आणि निघताना गाडी रुसायची. सांडूनं पूर्वी गंगापूर लाईनला जीप चालवलेली. तो आवाज ऐकूनच मान हलवायचा.

"टर्बो लागंना हिचा. असल्या गाडीनं अंधारात जाऊ नको. सकाळी जा."

पुंजाराम राहायचा. सकाळी रडतखडत फकिराचं गॅरेज गाठायचा.

फकिरानं व्हॉल्व बदलला, फिल्टर साफ केला, ब्रेकचा पंपही तपासला. शहरात गाडीला काही व्हायचं नाही. गावाला गेलं की पाईप गळायचा.

एकदा त्यानं पाईप उजेडात धरला. "पुंजारामभाऊ, ही तडक नाय. सरळ काप हाय."

"कशाचा?"

"आता काय सांगू? मला बी कळंना."

घरी बायकोला, वच्छलाबाईला, सगळं कळलं होतं. "बाहेरचं कोण येतंय तिथं? तुमच्या दादाला आपली गाडी बघवत नाही."

"दादा असलं करणार नाही."

"मग गाडी फक्त तिथंच कशी बिघडते?"

पुंजाराम बाहेर येऊन गाडीशी उभा राहिला. ज्या भावानं स्वतःचं शिक्षण सोडून आपल्याला शिकवलं, तो रबराचा पाईप कापील? आणि त्यानं नाही, तर कुणी?

मग वाळूजजवळ भलताच प्रसंग घडला. गावाहून परततानाची सकाळ. बाजूला वच्छलाबाई. गाडी अशीच मलूल होती, पण कामावर पोचायची घाई होती. पुंजाराम उसाच्या ट्रॅक्टरला मागं टाकायला उजवीकडं गेला. गाडीनं वेग घेतलाच नाही. समोरून टँकर आला. पुंजारामनं गाडी रस्त्याखाली घातली. टँकर आरसा उडवून गेला.

आठवड्यानं तो एसटीनं गावी गेला. सांडू गोठ्यात कडबा टाकत होता.

"दादा, गाडी बघवत नसंल तर तोंडावर सांग. पाईप कशाला कापतो? मागल्या आठवड्यात वच्छला मेली असती. मी मेलो असतो."

सांडूच्या हातातली पेंढी खाली पडली. "काय झालं?"

पुंजारामनं टँकरचं सांगितलं. सांडू खाली बसला.

"लागलं का तुम्हाला?"

"लागलं असतं तर कळवायला तरी कोण आलं असतं? आता मी येणार नाही."

"बरं," सांडू म्हणाला. वर न बघता.

त्या वर्षी पुंजाराम दिवाळीला गेला नाही, पाडव्याला गेला नाही. सांडूचा फोन आला की वच्छलाबाई कापायची, आणि तो बघत राहायचा.

उन्हाळ्यात चिकलठाण्यातच, घराच्या दारात उभ्या असलेल्या गाडीची ओढ गेली. फकिरानं बॉनेट उघडलं आणि हसायलाच लागला. इंजिनाच्या वर काथ्याचं, चिंध्यांचं घरटं होतं. त्यातून एक खार टुणकन उडी मारून पळाली. पाईप कुरतडलेला होता.

"सापडला तुमचा चोर!"

"पण तू सरळ काप म्हणला होतास."

"म्हणलो होतो खरं," फकिरानं डोकं खाजवलं. "खारीचे दात लई धारदार. गावाकडं झाडाखाली गाडी लावत असाल, तिथं बी खारी असणारच."

पुंजारामनं पाईप बदलून घेतला आणि वच्छलाबाईला घेऊन तसाच गावाकडं निघाला.

सांडू वाळला होता. गाडीचा आवाज ऐकून तो दारात आला आणि उंबऱ्यातच थबकला. पुंजारामनं त्याचे पाय धरले.

"दादा, खार होती. पाईप खार कापायची. मी तुझ्यावर नाही नाही ते आळ घेतले. माफ कर मला."

वच्छलाबाई डोळ्याला पदर लावून उभी होती. "भाऊजी, सगळं माझ्यामुळं झालं."

सांडूनं भावाला उठवलं, दोघांना आत नेलं, पाणी दिलं. पुंजाराम पुन्हा पुन्हा तेच बोलत होता. सांडूनं भावाच्या हातातला पेला काढून घेतला आणि त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"तिकडची खार असंल," तो म्हणाला. "इथं मीच कापायचो. गाडी धड असली की तू राहत नव्हतास."