तिचा फासा

रविवारी दुपारी डहाणूच्या आमच्या घरी खेळ मांडला होता. मी गोष्ट सांगतो, माझे मित्र मनिष आणि नविन तिच्यातले वीर होतात. प्रत्येक जण आधी एक चिकू खातो आणि त्याची बी नकाशावर ठेवतो. ती बी म्हणजे त्याचा वीर. माझी बायको योगिताही खेळायची, जादूगारीण व्हायची. ती वारली, पण तिची बी मी नकाशावरून काढली नव्हती.

मनिषने ती उचलून खिडकीबाहेर फेकली.

"कोणाला विचारून?" मी ओरडलो.

"नित्या, वहिनी गेली. आता तिच्या जादूगारणीलाही जाऊ दे. किती दिवस तिच्या वतीने तूच बोलणार?"

नविन खाली बघत होता. म्हणजे दोघांचं आधीच ठरलं होतं. माझं डोकं फिरलं.

"बरं, मीच मारतो. दरीवरचा पूल तुटला. जादूगारीण खाली पडतेय."

मरणाऱ्याला वाचण्यासाठी एकदा फासा टाकता येतो, आणि तो ज्याचा त्यानेच टाकायचा, असा आमचा नियम आहे. फासा मी मुठीत आवळला.

"आता कोण टाकणार? बोला ना! मारायला निघाला होतात!"

"सॉरी यार," मनिष म्हणाला. "राहू दे."

"राहू दे नाही. मेली ती. संपलं."

फासे टाकायचं स्टीलचं ताट टेबलावर घासत सरकलं आणि योगिताच्या रिकाम्या खुर्चीपुढे थांबलं.

"कोणी सरकवलं?" मी किंचाळलो.

दोघेही भिंतीला चिकटून उभे होते.

मूठ मी जीव खाऊन आवळली होती. कोणीतरी माझं एकेक बोट उघडत होतं.