मास बंक

मास बंकच्या दिवशी वर्गात हवालदार निकम एकटेच बसून राहिले. लष्करातून निवृत्त झाल्यावर ते दुसऱ्या कॉलेजातून इथं थेट बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आले होते. पोरं त्यांना 'काका' म्हणून लांबच ठेवत. बंकचा निरोपही कुणी दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सर भरल्या वर्गावर कडाडले. "शिस्त शिका यांच्याकडून! कालच्या तासाला निकम सोडून सगळे गैरहजर. आणि शनिवारी ग्रंथालयातली कपाटं पुसायला या."

सगळ्या माना निकमांकडे वळल्या. ती नजर त्यांच्या ओळखीची होती. पलटणीत शिक्षेतून एकट्याच सुटलेल्याकडे जवान असंच बघत.

ते उठून उभे राहिले. "सर, मलाही गैरहजर लावा. आमच्याकडं लष्करात एक चुकला तर सगळ्या पलटणीला पळायची शिक्षा व्हायची. शनिवारी मीही येतो."

"अहो, पण तुम्ही वर्गात होता ना!"

"मी होतो, सर. पलटण बाहेर होती."

तास संपल्यावर पुढच्या बाकावरची मुलगी मोबाईल घेऊन मागं वळली. "काका, नंबर सांगा, ग्रुपवर घेते तुम्हाला. पुढच्या बंकला तरी वेळेवर निघा."