पेटीची उजवी बाजू

योगेश वास्कोहून जहाजावर गेला आणि त्याची माशांची काचपेटी बायकोच्या गळ्यात पडली. गौरवी मोपाच्या विमानतळावरच्या कामावरून दमून पेडण्याला घरी यायची, तेव्हा कुठला ना कुठला लहान मासा मरून तरंगत असायचा. तळहाताएवढा ऑस्कर मासा कुणाला जगू देत नाही, असंच तिला वाटे.

"तो आपली जागा राखता गो," योगेश फोनवर म्हणाला. "त्याच्याच अंगाचे दोन घाल, मग गप बसतलो."

तिने तसे दोन आणले. ऑस्कर त्यांच्यावर धावला नाही. तिघेही डाव्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून राहिले. तिने उजवीकडे दाणे टाकून पाहिले, तरी तिकडे कुणी फिरकलं नाही. सकाळी तिघांच्याही शेपट्या फाटल्या होत्या, ऑस्करचीसुद्धा.

गौरवीला आता घाबरण्याचंही त्राण नव्हतं. पेटी एकदाची रिकामी करायची ठरवून तिने तिघांना बालदीत काढलं आणि दगड उचलायला उजवीकडे हात घातला.

नितळ पाण्यात काहीच दिसत नव्हतं, तरी मनगटाला हळूच ढुशी बसली. ती थबकली. दुसऱ्या ढुशीने तिचा हात बाहेर लोटला.

हात निघाला, तरी पाणी खाली गेलं नाही. ते काठापर्यंत चढलं.