ओ द्यायची नाही

पडक्या घरातली जुनी तुळई काढायला गेलेल्या सुताराच्या पायाखालची फळी मोडली आणि तो थेट तळघरात कोसळला. पाठोपाठ तुळईही पायावर आली. हाका मारून मारून घसा बसत आला, तेव्हा कुठे वर पावलं वाजली. बायको आणि धाकटा भाऊ त्याला शोधत आले होते. सुताराच्या जिवात जीव आला.

"अरे छोट्या, इथे खाली आहे मी! दोर आण!"

पावलं जागच्या जागी थबकली.

"भावोजी, हा तर ह्यांचाच आवाज!" बायको म्हणाली.

"वहिनी, ओ देऊ नका!" भावाचा आवाज चिरकला. "इथला राक्षस आपल्याच माणसाच्या आवाजात हाक मारतो. ओ दिली की खाली ओढून नेतो."

लहानपणी हा छोट्या शेपटासारखा पाठी पाठी यायचा, त्याला घरी बसवायला म्हणून सुतारानेच ही गोष्ट रचली होती. पुढे ती गावभर झाली.

"अरे गाढवा, राक्षसबिक्षस काही नाही! ती गोष्ट मीच रचली होती!"

वर बायकोला ओढत नेणारी पावलं दाराकडे धावली.

"ऐकलंत ना, वहिनी? दादा तेव्हाच म्हणाला होता, कुणी ओ दिली नाही की शेवटी राक्षस हेच सांगतो."