उंटाच्या पाठीवरचा आवाज

सासूबाई पहिल्यांदाच अबुधाबीला आल्या होत्या, म्हणून मृणालिनी त्यांना उंटांची शर्यत दाखवायला घेऊन गेली. आज काहीही करून त्यांच्याशी बोलायचं, असं तिने सांगलीच्या धाकट्या जावेला, मुग्धाला, कबूल केलं होतं. मुग्धाला सातवा लागला होता, तरी सासूबाई तिला माहेरी पाठवायला तयार नव्हत्या.

उंटांवर स्वार नव्हते. प्रत्येकाच्या पाठीवर एक छोटं यंत्र बांधलेलं, त्यात चाबूक आणि स्पीकर. मालक शेजारून एसी गाड्या पळवत होते. गाडीत बटण दाबलं की उंटाला फटका बसायचा, आणि वर स्पीकरमधून आरडाओरडा, "यल्ला, यल्ला!"

सासूबाईंच्या अंगाची लाही लाही झाली.

"मेल्यांनो, लाज नाही वाटत? स्वतः गारव्यात बसायचं आणि मुक्या जिवाला दुरून राबवायचं! उतरा खाली आणि पळा की तुम्हीच!"

"आई, हळू. लोक बघतायत."

"बघू देत!" संतापाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

ते पाणी बघून मृणालिनीला धीर आला. "आई, मुग्धाचं जरा बोलायचं होतं..."

"थांब, तिच्याकडेच बघतेय." सासूबाईंनी मोबाइल उघडला. सांगलीच्या स्वयंपाकघरातल्या कॅमेऱ्यात स्टुलावर टेकलेली मुग्धा दिसली. सासूबाईंनी बटण दाबलं आणि मोबाइल तोंडाजवळ नेला.



"बसलीस काय गं? ऊठ!"