पाणी न लागलेला पट्टा

सासऱ्यांच्या कमरेवरचं पुरळ तिसऱ्यांदा उठलं, तेव्हा सुनेने मलमाची नळी टेबलावर आपटली.

"बाबा, नुसतं मलम चोपडून काय उपयोग? आधी तो पट्टा धुतला पाहिजे."

सासऱ्यांनी सदरा खाली ओढला. "पट्टा धूत नाहीत."

"का?"

"विद्या जाते म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"मुलं म्हणतात. मी कुठे काही म्हटलंय?"

तिने नाक मुरडलं. आपण नामानिराळं राहायचं आणि सगळं चेल्यांच्या तोंडून वदवून घ्यायचं, ही बुवाबाजीची जुनीच तऱ्हा.

ती इस्पितळाच्या प्रयोगशाळेत कामाला होती. दिवसभर काचेच्या बशांमध्ये लोकांच्या अंगावरचे जंतू वाढवायचे आणि त्यांची नावं लिहून द्यायची. अशा बाईला संध्याकाळी घरी येताना काय ओलांडून यावं लागायचं, तर तळमजल्यावरचा, सासरे शिकवायचे तो कराटेचा हॉल. आत चाळीस जण आणि चाळिसांच्या कमरेला जन्मात पाणी न लागलेले चाळीस पट्टे. जिन्यापर्यंत कुबट वास यायचा. ती नाकाला ओढणी लावून दोन-दोन पायऱ्या चढायची.

पट्टा जमिनीवर टाकायचा नाही, दुसऱ्याला द्यायचा नाही, आणि पाणी तर त्याला दाखवायचंसुद्धा नाही. एखादा नवखा घरून पट्टा धुऊन आलाच, तर लिफ्टवाला त्याला कोपऱ्यात घेऊन असं काही समजवायचा, की पुन्हा त्याची छाती व्हायची नाही.

लिफ्टवाला म्हणजे सासऱ्यांचा सगळ्यात जुना शिष्य. दिवसभर मोठमोठ्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी खाली येऊन हे सोवळं सांभाळायचा. बाकीची मेंढरं म्हणून सोडून देता आली असती, पण हा शिकलासवरलेला, विजेचे नकाशे वाचणारा. तिला सगळ्यात जास्त तिटकारा त्याचाच.

"लिफ्टचे दोरही असेच राखता का?" तिने एकदा त्याला जिन्यात गाठून विचारलं होतं. "पुसले तर विद्या जाईल म्हणून?"

"नाही वहिनी. ते दर महिन्याला पुसतो," तो शांतपणे म्हणाला आणि बाजूला सरून त्याने तिला वाट दिली.

उत्तर नसलं की माणसं अशीच शांत होतात, असं ती वर येऊन नवऱ्याला म्हणाली. नवरा पेपरात डोकं घालून बसला होता. त्याच्याशी बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

वर्गाला तीस वर्षं झाली म्हणून रविवारी सासऱ्यांचा सत्कार ठरला. आदल्या दिवशी दुपारी सासरे जेवून झोपले. नवरा खुर्च्या आणायला गेला होता. खाली हॉलमध्ये लिफ्टवाला एकटाच दिव्यांच्या माळा टांगत होता.

सुनेने खुंटीवरचा सासऱ्यांचा काळा पट्टा दोन बोटांत धरून उचलला, मेलेला उंदीर धरावा तसा. मोरीत बादलीभर कढत पाण्यात साबणाचा चुरा कालवला आणि पट्टा आत सोडला.

पाणी बघता बघता शाईसारखं झालं.

"घ्या," ती बादलीला म्हणाली. "निघाली तीस वर्षांची विद्या."

तिने पाणी बदललं. दुसरं पाणीही काळं. तिसरं करडं. आता मात्र तिचे हात थांबले. मळ तिने आयुष्यात भरपूर पाहिला होता. मळाने नखं अशी काळीनिळी होत नाहीत.

पट्टा पिळून ती खिडकीशी गेली. तो पांढरा होता. कुठे कुठे राखाडी ढग उरले होते, पण पांढरा. शेवटाला आतल्या अंगाने कापडी चिठ्ठी शिवलेली होती. तिच्यावर छापलेलं होतं: प्रवेश वर्ग.

पहिल्या दिवशी पोरासोरांना देतात तो पट्टा. शेवटचा काळा तर सोडाच, सासऱ्यांनी पांढऱ्यानंतरचा पिवळासुद्धा मिळवला नव्हता. पांढराच रंगवून कमरेला बांधला होता आणि त्या जोरावर तीस वर्षं लोकांकडून वाकून नमस्कार घेतले होते.

ती स्टुलावर बसली आणि तिला हसू आलं. अंधश्रद्धा असती तर एक वेळ कीव करून सोडून दिलं असतं. ही चक्क लबाडी होती. आणि ते चाळीस मूर्ख, जे या लबाडीखातर घाणीत लोळत होते, त्यांचं काय करायचं? उद्या हार घालणार होते. पितळ उघडं पडलंच होतं, आता फक्त बघणारा हवा होता. कोण, तेही तिला पक्कं ठाऊक होतं.

तिने जिन्यातून हाक मारली. लिफ्टवाला हात पुसत वर आला.

तिने ओला पट्टा त्याच्या तोंडासमोर धरला. "चिठ्ठीवर काय लिहिलंय ते वाचा. मोठ्याने वाचा."

त्याने वाचलं नाही. तो आधी सासऱ्यांच्या खोलीपाशी गेला, आत डोकावला आणि दार अलगद ओढून घेतलं.

"सर किती वाजता उठतात?"

"चारला. ते जाऊ द्या. तुम्हाला कळतंय का, हा माणूस तुम्हाला इतकी वर्षं—"

"हळू बोला, वहिनी." त्याने तिच्या हातातून पट्टा घेतला आणि किती ओला आहे ते तळव्यांत दाबून पाहिलं. "वीस वर्षं झाली. एका उन्हाळ्यात घामाबरोबर सरांच्या पांढऱ्या कपड्यांवर काळे ओघळ उतरले. आम्ही अकरा जण होतो वर्गात. त्या दिवसापासून आम्ही कुणी पट्टा धूत नाही."

तिने आपली काळीनिळी नखं ओढणीला पुसली.

"तुम्ही इस्त्री तापवा, मी रंग घेऊन येतो," तो म्हणाला. "आणि सरांना काही बोलू नका. त्यांना वाटतं, आम्हाला माहीत नाही."